उलटी वाघबारस

वाघ कुणाचा, यावरून उंबरपाडा आणि बोरधोंडं या दोन पाड्यांत जुंपली, तेव्हा भात कापून झालं होतं आणि नागली पिकून उभी होती. म्हणजे मान वर करायलाही कुणाला सवड नव्हती. तरी बोरधोंड्याची माणसं विळे टाकून, ओहोळ ओलांडून आली आणि थेट पुंजा भोयेच्या अंगणात उभी राहिली. पुंजा खळं सारवत होता. कोपरापर्यंत शेणानं माखलेले हात घेऊन तो तसाच उकिडवा बसून राहिला.

पुढं होता खंडेराव. अंगानं दांडगा आणि आवाजानं त्याहून दांडगा. त्याच्यामागं सुलाबाई नावाची म्हातारी विधवा, हातात शेळीचं नुसतं दावं.

“पुंजा, तुझा वाघ घेऊन जा,” खंडेराव म्हणाला.

“माझा कुठला वाघ?”

“बारशीला वाघ कोण झालं व्हतं? पळत पळत आमच्या शिवारात कोण आलं? तू आलास अन् तुझ्यामागं त्यो आला. ह्या सुलाबाईच्या शेळ्या गेल्या. माझी कालवड गेली. औंदा गाभण राहिली असती रं ती.” शेवटच्या वाक्याला खंडेरावाचा आवाज जरा चिरकला, आणि म्हणून तो पुढं आणखीच मोठ्यानं बोलला. “तुझा वाघ तू घेऊन जा!”

सुरगाण्याच्या त्या डोंगरपट्ट्यात बिबट्यालाच वाघ म्हणतात. पट्ट्यांचा वाघ म्हाताऱ्यांच्या गोष्टींत तेवढा उरला होता. दिवाळीच्या तोंडावर तिथं वाघबारस येते. गुराखी घरोघर दाणे मागतात, शिवेवरच्या लाकडी वाघदेवाला शेंदूर लावतात, तिथंच भात शिजवून खातात, आणि मग एक जण वाघ होतो. अंगाला राख, राखेवर कोळशाचे ठिपके, कमरेला गवताची शेपटी. बाकीचे काठ्या आणि ढोल घेऊन त्याला शिवेबाहेर डोंगरातल्या रानात हाकलून देतात. वाघानं रानात राहावं, माणसानं पाड्यात, असा तो वर्षाचा ठराव. उंबरपाड्यात वाघाचा मान बरीच वर्षं पुंजाकडं होता, कारण त्याच्यासारखी डरकाळी कुणालाच जमत नव्हती.

यंदा मात्र त्यानं घोळ घातला. डोंगराच्या वाटेवर कंत्राटदाराचा लाकूडतोडीचा कूप पडला होता. सागाची झाडं तोडून आडवी टाकलेली, फांद्यांचा खच, काटेकुटे. त्यातून उघड्या अंगानं धावायचं पुंजाच्या जिवावर आलं. पोटात मोहाची होती, ती म्हणाली, तिकडं कशाला मरतोस, इकडं पळ. पुंजानं उडी मारून ओहोळ ओलांडला आणि बोरधोंड्याच्या शिवेतल्या आंब्याखाली बसून मजेत बिडी ओढली. सगळे पोट धरधरून हसले. उंबरपाड्याचे कारभारी कोंडाजी आबासुद्धा हसले. पुढच्याच आठवड्यात बोरधोंड्यात पहिली शेळी गेली आणि सगळ्यांचं हसू मावळलं.

“जनावर असं कुणाच्या मागं येतं का?” पुंजा म्हणाला खरा, पण बोलण्यात जोर नव्हता. त्याला स्वतःलाच तसं वाटत होतं. बारशीचा वाघ जिकडं जाईल तिकडं रानातला वाघ जातो, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता, आणि यंदा चुकीची वाट दाखवणारा तो स्वतः होता.

दुपारी ओहोळाच्या काठी दोन्ही पाड्यांची बैठक बसली. कोंडाजी आबा तंबाखू मळत बसले. वाघ ज्याला सोडून गेला तो पाडा कसला, हे त्यांच्याही मनाला लागलं होतं. बोलाचाली झाल्या, एकमेकांच्या आज्यापणज्यांचा उद्धार झाला, आणि शेवटी ठरलं ते असं, की वाघ बोरधोंड्याच्या शिवारात आहे तोवर बोरधोंड्याच्या शेळ्या पुंजानं राखायच्या. एखादी गेली तर आपल्या दावणीची आणून द्यायची.

“अन् किती दिस?” पुंजाची बायको लंकाबाई हिनं विचारलं. सगळी नागली आपल्या एकटीच्या अंगावर पडणार हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

“पुनवेनंतरच्या बाजारापर्यंत,” खंडेराव म्हणाला. “तवर गेला तर गेला. नायतर मी बाजारातून एंड्रिनची बाटली आणतो अन् मेल्या ढोराला चोळून ठेवतो. खाईल अन् मरंल. मग फारेस्टवाले धरून नेत असले तर नेऊ देत. अन् पुंजा, ते पाप तुझ्या माथी. आणलास तू, मेला तर मारलास बी तूच.”

शेळ्या राखायचं पुंजाला काही वाटत नव्हतं, गुराखीच होता तो. अपमानही माणूस गिळतो. पण विष घालून मारलेला वाघ आपल्या नावावर, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. पुढच्या बारशीला वाघदेवाच्या खांबासमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं, याच विचारात तो घरी पोचला आणि अर्धवट राहिलेलं खळं सारवायला बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटेचं दंव तुडवत ओहोळापलीकडं जाऊ लागला. सुलाबाई एकेका शेळीच्या पाठीवर हात फिरवून त्याच्या हवाली करी आणि दिवस कलला की तशीच हात फिरवून परत घेई. बोरधोंड्यातली पोरं गुरगुरत त्याच्यामागं येत. “वाघ शेळ्या राखतोय रं, वाघ शेळ्या राखतोय!” बायका पदर तोंडाला लावून हसत. एकदा खंडेरावानं त्याला ओसरीखाली, कोंबड्यांत बसवून भाकरी दिली आणि म्हणाला, “खा. कच्च्या मासाची सवय असंल, पर आज भाकरीवर भागव.” पुंजानं ती भाकरी खाल्ली. त्याला भूक लागली होती.

काम मात्र त्यानं चोख केलं. बोरधोंड्याच्या शेळ्या दिवाळीपासून मोकाटच होत्या. सगळा पाडा कापणीला, मग राखायला कोण? शेळ्या करवंदीच्या जाळ्यांत एकेकट्या शिरायच्या, आणि जाळीतली एकटी शेळी म्हणजे वाघाला पानात वाढून दिल्यासारखीच. पुंजानं त्यांना एकत्र ठेवलं, उघड्या माळावर ठेवलं, घसा बसेपर्यंत हाकारे घातले. त्याच्या राखणीत एकही शेळी गेली नाही. याचं कौतुक कुणी केलं नाही. उलट, वाघ पुंजाला ओळख देतो, असं बायका पाणवठ्यावर बोलू लागल्या.

इकडं लंकाबाई एकटी नागलीला भिडली होती. नागलीची कणसं मुठीसारखी वळून वाळली होती. दुपारचा कोरडा वारा सुटला की दाणा गळायचा, आणि उरलेल्यावर पाखरांचे थवे उतरायचे. एका हातानं कणीस धरायचं, दुसऱ्या हातानं विळा मारायचा, आणि मधूनच पाखरांवर ओरडायचं. संध्याकाळी तिची कंबर सरळ होत नसे. ताडकन उभं राहायचा प्रयत्न केला की तोंडातून शिवी निघे, आणि ती शिवी नवऱ्याला असे, खंडेरावाला असे आणि मोहालाही असे. पुंजा ती मुकाट्यानं ऐकून घेई, कारण तिन्ही शिव्या रास्त होत्या.

एका सकाळी ओहोळाच्या वरच्या अंगाला वानरं खेकसू लागली. पुंजानं शेळ्या माळावर दाबून धरल्या आणि खडकाआडून खाली पाहिलं.

पाण्यात ती उभी होती. मादी. पुंजानं अर्धं आयुष्य वाघाचं सोंग घेतलं, पण खरा वाघ इतक्या जवळून तो पहिल्यांदाच बघत होता. पुढच्या पंजानं ती पाण्यातले दगड उलटत होती आणि खाली सापडलेला खेकडा कडाकडा चावून खात होती. फासळ्या वर आलेल्या, पोटाखाली थानं लोंबलेली. एका खेकड्यानं तिच्या नाकाला नांगी लावली तशी ती मान झटकून मागं सरली, नाक चाटलं, आणि परत त्याच दगडाशी आली. पुंजाला हसू फुटलं आणि पाठोपाठ त्याला गलबलून आलं. बारशीला आपण छाती काढून केवढ्या डरकाळ्या फोडतो, आणि खरा वाघ हा असा, खेकड्यांवर दिवस काढणारा. नागलीच्या शेतात वाकलेली लंकाबाई त्याच्या डोळ्यांसमोर आली.

ती निघाली तशी पुंजानं नजरेनं तिचा माग घेतला. ओहोळात उतरणारी वाट जिथं वळते, त्याच्या पुढं करवंदीच्या आड एक कपार होती. कपारीच्या तोंडाशी दोन पिल्लं एकमेकांची शेपटी ओढत होती. मांजराएवढी असतील. आई आली तशी दोघं तिच्या पोटाखाली घुसली.

आता त्याला सगळा उलगडा झाला. वरच्या डोंगरात कुऱ्हाडी चालल्या, झाडं कोसळली, माणसांचा राबता वाढला. तिची बाळंतपणाची जागा कूपवाल्यांनी मोडली, म्हणून ती ओहोळ उतरून इकडं आली. पुंजाच्या मागं नव्हती आली. हे कळल्यावर त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरायला हवं होतं, पण ते दुप्पट झालं. आईनं विष खाल्लं तर कपारीतली दोन्ही पिल्लं उपाशी मरणार होती, आणि ही गोष्ट दोन्ही पाड्यांत त्याला एकट्यालाच माहीत होती.

दिवस मावळताना तो परस्पर शेतात गेला आणि लंकाबाईला सगळं सांगितलं.

“मग सांग की त्यास्नी,” ती म्हणाली. “सुटशील तरी.”

“सांगितलं तर बाजाराची वाट बी बघणार नायत. काठ्या घेऊन जातील अन् पिल्लं ठेचतील. कालवडीचा राग हाय खंडेरावाला.”

लंकाबाई कणसांचा भारा बांधत होती. गुडघ्यानं दाबून तिनं गाठ आवळली. “कूपवाले तर कवाच गेले. वरच्या घळीतली झाडी तशीच उभी हाय. तिनं परत जायला काय हरकत?”

“तिला सांगणार कोण?”

“तूच सांग. तू आणलास असं म्हणतात ना ते? म्हणू दे. ज्याला आणता येतं त्याला नेता बी येतं.” तिनं भारा डोक्यावर घेतला आणि चालता चालता म्हणाली, “त्यांच्याच पाड्यातून, त्यांच्याच हातनं, त्यांच्याच ढोलावर.”

पुंजा जागीच उभा राहिला. या बाईच्या शिव्या इतके दिवस फुकटात ऐकल्या, तिचं डोकं मात्र आपण कधी वापरलंच नाही, असं त्याला वाटलं आणि तो तिच्या मागोमाग धावला.

पुनव झाली, बाजार झाला, आणि खंडेरावानं बैठकीत सगळ्यांसमोर बाटली आणून ठेवली. त्याचा म्हातारा बैल त्याच सकाळी मेला होता. ढोर तयार, औषध तयार.

तेवढ्यात लंकाबाई उभी राहिली. “ज्यानं आणला त्यानंच न्यावा. बारस उलटी करा. ह्यो तुमच्या पाड्यातून वाघ होऊन निघंल. तुम्ही हाकला त्याला ओहोळापलीकडं, आमच्या शिवारात.”

“अन् रानातला वाघ ऐकंल व्हय?” खंडेराव हसला.

“येताना ऐकला म्हणतोस ना भाऊ? मग जाताना ऐकायला त्याला काय झालं?”

बैठकीत हशा पिकला. खंडेराव गोरामोरा झाला. वाघ ऐकत नाही म्हणावं तर पुंजाचा गुन्हाच उरत नव्हता आणि इतके दिवस फुकट राखून घेतलेल्या शेळ्यांचा जाब द्यावा लागला असता. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. कोंडाजी आबांनी संधी साधली. “आमचा वाघ हाय. आम्हाला परत पायजे. आमच्या शेळ्या आम्ही राखू, गोठ्याची दारं आम्ही घट्ट करू. नाय गेला तर मग तुम्ही बाटली खुशाल वापरा.”

“उद्याचा एकच दिस,” खंडेराव म्हणाला आणि बाटली कमरेला खोचली.

परतल्यावर लंकाबाईनं आपल्या पाड्यालाही दम भरला. ओहोळाच्या काठावर उद्या एकानंही फिरकायचं नाही. “ज्याला तमाशा बघायचाय त्यानं विळा घेऊन माझ्या शेतात यावं. तिथनं वहाळ चांगला दिसतो. अन् नुसतं उभं राहून बघायला मिळणार नाय.”

सकाळी धुकं विरलं तसं बोरधोंड्याच्या चावडीपुढं पुंजा उघडा बसला. सुलाबाईनंच त्याच्या अंगाला राख फासली. कोळशाचे ठिपके काढताना तिचा खरबरीत अंगठा त्याच्या पाठीवर थांबला. “माझ्या ह्या शेळ्या तू राखल्यास,” ती एवढंच म्हणाली. मग गवताची शेपटी बांधली गेली आणि पुंजा वाघ झाला. या खेळाचे दोन नेम आहेत आणि ते मोडायची कुणाची छाती होत नाही. एकदा राख लागली की अंगावर पाणी पडेपर्यंत वाघानं माणसासारखं बोलायचं नाही. आणि हाकणाऱ्यांनी वाघाच्या मागं राहायचं, पुढं जायचं नाही. जो पुढं जातो त्याला वर्षाच्या आत खरा वाघ गाठतो.

बोरधोंड्याच्या ढोलवाल्या लहानूनं ढोलावर टिपरू टाकलं. बोरधोंडं सगळं लोटलं. काठ्या, पत्र्याचे डबे, पोरांच्या किंकाळ्या. “जा रं वाघा, जा! आपल्या रानात जा!” पुंजा कधी दोन पायांवर, कधी चार पायांवर पळत होता. खडे तळहातात रुतत होते, छाती भात्यासारखी चालत होती. सरळ वाट माळावरून जात होती, पण त्यानं ती सोडली आणि करवंदीच्या उतारानं घुसला. त्याला सगळा गलका त्या कपारीच्या वरच्या बाजूनं न्यायचा होता, म्हणजे तिला जायला ओहोळाची एकच दिशा मोकळी राहिली असती. मध्ये काटे होते. बारशीला ज्या काट्यांना तो भ्याला होता त्यांहून हे वाईट होते, आणि तो त्यातून सरपटत गेला.

वाटेच्या वळणावर येऊन त्यानं तोंडाशी हात धरून सगळी ताकद लावून डरकाळी फोडली.

खाली करवंदी हलली. आणि सगळ्यांच्या देखत ती बाहेर आली. तोंडात मानेला धरलेलं पिल्लू. ढोल, डबे, किंकाळ्या एकदम बंद झाल्या. तिनं एकदाच मान वळवून वर पाहिलं, पाण्यातल्या दगडांवरून झेपा टाकत पलीकडं गेली आणि उंबरपाड्याच्या घळीत दिसेनाशी झाली.

मग जो जल्लोष उठला तो काही विचारू नका. माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. खंडेराव नाचायचाच बाकी होता. “गेला! सुंठीवाचून खोकला गेला! चला रं खाली, कपार बघू तिची!”

पुंजा वाटेत आडवा झाला.

एक पिल्लू गेलं होतं. दुसरं कपारीत होतं. ही माणसं खाली गेली तर ते त्यांच्या हाती लागणार, आणि त्याच्यासाठी ती परत येणार, चवताळून येणार, आणि मग बाटलीही थांबणार नव्हती. बोलून सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तरी पोरांनी दगडच उचलले असते. म्हणून तो वाट अडवून, हनुवटी मातीला टेकवून पडला. वाट अरुंद होती, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काटे. पुढं जायचं तर वाघाला ओलांडूनच जावं लागलं असतं.

“ऊठ की रं! वाघ गेला, आता तू बी जा!”

पुंजा गुरगुरला.

“दमला आसंल,” कुणी म्हणालं. “बसा जरा.” लहानूनं त्याला उठवायला ढोल घुमवला, तसा पुंजा त्याच्यावर असा फिस्कारला की लहानूच्या हातातलं टिपरू गळालं. माणसं हसली. पुन्हा ढोल वाजला, पुन्हा पुंजा दात विचकून धावला. वाघाला ढोल आवडत नाही, असं ठरलं आणि ढोल थांबला. हळूहळू लोक वाटेवरच टेकले, तंबाखू निघाली, बायकांनी केस सोडून बांधले. ऊन चढत गेलं. पुंजाच्या पाठीवर राख आणि घाम मिसळून चरचरत होतं, मांडीतल्या काट्यांवर मुंग्या आल्या होत्या. तो हलला नाही.

खंडेरावाचा धीर सुटला. “ह्यो आपली मस्करी करतोय! कोंबड्यांत बसवून भाकरी दिली त्याचा सूड उगवतोय!” त्यानं काठी उचलली आणि पुंजाच्या पाठीवर हाणली. मग दुसरी. राखेत लाल वळ उठला. सुलाबाई ओरडली, “आरं, मरंल त्यो!” पुंजानं माती मुठीत धरली. त्याला वाटलं, उठावं आणि याच्या नरड्याला धरावं. त्याला असंही वाटलं, मरू दे ते पिल्लू, माझी नागली गळतेय, बायको एकटी मरतेय, मी कुणाचा मार खातोय? तिसरी काठी बसली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून मात्र शब्द आला नाही.

चौथ्यांदा काठी वर गेली आणि वरच राहिली.

ओहोळाच्या पलीकडं ती उभी होती. तोंड रिकामं. सगळी माणसं बसल्या जागी थिजली. ती पाण्याशी आली, थांबली, ऐकलं. वाटेवर शेकडा माणूस असेल, पण ढोल नव्हता, हालचाल नव्हती, आणि सगळ्यांच्या पुढं मातीत एक ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी गप पडलं होतं. तिनं पोट जमिनीला घासत पाणी ओलांडलं आणि करवंदीत शिरली. आतून बारीक म्याव ऐकू आलं. कुणाच्या तरी कडेवरचं पोर हसलं, त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

ती बाहेर आली तेव्हा दुसरं पिल्लू तिच्या तोंडात लोंबत होतं. या वेळी तिनं मागं वळून पाहिलं नाही. दगडांवरून, पाण्यातून, घळीच्या तोंडाशी, आणि वर. बराच वेळ हलत्या गवतावरून ती कुठं गेली ते कळत होतं. मग गवतही स्थिर झालं.

पुंजा उठला. चार पायांवर उतार उतरला आणि ओहोळात शिरून मटकन बसला. गुडघाभर गार पाणी. मागोमाग धपाधप पावलं वाजली. खंडेराव होता. त्यानं ओंजळ भरून पुंजाच्या पाठीवर पाणी टाकलं, मग आणखी, वळांवरची राख हलक्या हातानं धुऊन काढली.

“पाणी पडलं. बोल आता. दुसरं हाय, हे तुला ठाऊक व्हतं?”

“व्हतं.”

“मग मार कशापायी खाल्लास रं? बोलायचं व्हतंस.”

“वाघ बोलत नाय, दादा.”

खंडेरावाचा चेहरा पोरासारखा झाला. कमरेची बाटली काढून त्यानं तिच्याकडं पाहिलं, पाण्यात टाकणार होता, पण पुंजानं त्याचा हात धरला. “वहाळात नको. दुकानदाराला परत दे.”

“घेईल का त्यो?”

“मी येतो संगं. डरकाळी फोडतो. घेईल.”

दोघंही हसले, आणि मागं उतारावर उभं असलेलं सगळं बोरधोंडं हसलं.

पलीकडच्या चढावर नागलीचं शेत होतं. उंबरपाड्याचा बाप्या-बाई झाडून तिथं लोटला होता आणि बोलता बोलता, बघता बघता लंकाबाईनं सगळ्यांकडून शेताचं टोक गाठत आणलं होतं. आता सगळे विळे हातात धरून ओहोळाकडं बघत होते. बारशीला वाघाला जा म्हणायची रीत. येणाऱ्या वाघाला काय म्हणायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण असा वाघ आजवर आलाच नव्हता. सगळे घोटाळून उभे राहिले. मग कोंडाजी आबांनी आपला विळा वर केला आणि म्हाताऱ्या, फाटक्या आवाजात ओरडले, “ये रं वाघा, ये! आपल्या रानात ये!”

त्यांच्यामागून सगळं शेत ओरडलं. लंकाबाईचा आवाज सगळ्यांत वर होता. अलीकडच्या उतारावरून सुलाबाईनं तीच हाक उचलली, तिच्यामागून लहानूनं, त्याच्यामागून सगळ्या बोरधोंड्यानं, आणि आपण हाकणारे की बोलावणारे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दोन्ही काठांवरून एकच आरोळी उठत होती. पुंजा पाण्यातून उठला, शेपटी सावरली आणि दोन पायांवर, ताठ मानेनं, आपल्या शिवाराचा चढ चढू लागला.